साखळी करवतीची निगा : ताण, तेल आणि धार

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनकडे निघालेल्या रस्त्यावर केदारखेडा हे गाव लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा मुलूख. शेताच्या बांधावर बाभूळ आणि कडुनिंब, विहिरीच्या आधाराने उभी राहिलेली मोसंबीची बाग आणि पावसाची सदैव अनिश्चिती, हे या जिल्ह्याचे परिचित चित्र आहे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र त्याच्या काही वर्षे आधी, २०१२-१३ च्या दुष्काळात, याच जिल्ह्यातील असंख्य बागा पाण्यावाचून वाळल्या. टँकरच्या पाण्यावर जगवण्याचे प्रयत्न संपल्यानंतर अनेक शेतकऱ्यांना हाताने लावलेली झाडे हातानेच तोडावी लागली.

पूर्वी अशा कामाला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत लागे. आता पेट्रोलवर चालणारी साखळी करवत, म्हणजेच ‘चेन सॉ’, गावोगावी पोहोचली आहे. शहरातही ती अपरिचित राहिलेली नाही. पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी करताना, गृहनिर्माण संस्थांच्या आवारात किंवा वादळानंतर रस्ते मोकळे करताना तिचा कर्कश आवाज ऐकू येतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा उन्मळून पडलेल्या झाडांतून वाट काढण्यासाठी मदत पथकांच्या हाती हेच यंत्र होते.

यंत्र सर्वत्र पोहोचले. त्याची निगा राखण्याचे ज्ञान मात्र त्याच वेगाने पोहोचले नाही. ‘मशीन कापत नाही’ ही तक्रार घेऊन करवत दुरुस्तीला येते तेव्हा दोष बहुधा इंजिनाला दिला जातो. कार्बोरेटर उघडला जातो, स्पार्क प्लग बदलला जातो. खरे दुखणे पुष्कळदा साखळीत असते. ती सैल असते, कोरडी असते किंवा बोथट असते. या तिन्ही दोषांवर घरच्या घरी उपाय करता येतो. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक पाना, एक गोल कानस, एक सपाट कानस आणि थोडा संयम. उपेक्षा झाली तर मात्र तीच साखळी माणसाचा हात किंवा पाय निकामी करू शकते.

साखळी कापते कशी?

पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवती जर्मनीत १९२० च्या दशकात तयार होऊ लागल्या. त्या काळच्या साखळीचे दाते साध्या हातकरवतीसारखे होते आणि त्यांना धार लावण्यातच कामगाराचा बराच वेळ जात असे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणारे जोसेफ बफर्ड कॉक्स यांनी १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याच्या अळीचे निरीक्षण केले. ही अळी आपल्या वाकड्या जबड्यांनी लाकूड डावीकडे व उजवीकडे असे आळीपाळीने कुरतडत पुढे सरकते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्याच धर्तीवर त्यांनी दाते घडवले आणि १९४७ मध्ये नवी साखळी बाजारात आणली. आजची साखळी मूलतः त्याच कल्पनेवर उभी आहे.

साखळीत तीन प्रकारच्या कड्या असतात. पहिली कापणारी कडी, म्हणजे दाता. दाते एक डावा, एक उजवा अशा क्रमाने बसवलेले असतात. दुसरी चालक कडी. तिचे टोक खाली उतरलेले असते आणि ते ‘गाइड बार’ या पोलादी पट्टीच्या खाचेतून धावते. इंजिनाकडील दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, याच कड्यांना ओढते. तिसरी जोडकडी, ती या सर्वांना रिव्हेटच्या साहाय्याने एकत्र बांधते.

प्रत्येक दात्याला दोन उंचवटे असतात. मागचा धारदार उंचवटा लाकूड कापतो. त्याच्या पुढे असलेला बोथट उंचवटा ‘डेप्थ गेज’ म्हणून ओळखला जातो. दात्याने एका वेळी लाकडात किती खोल शिरावे, हे तो ठरवतो. या दोहोंच्या उंचीतील फरक अनेक साखळ्यांत केवळ ०.६५ मिलिमीटर असतो. करवतीचे सारे वर्तन या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवर अवलंबून असते.

वेगाचा हिशेबही उद्बोधक आहे. स्प्रॉकेटला सात दाते, साखळीची पिच ३/८ इंच आणि इंजिनाचे मिनिटाला ९००० फेरे धरले, तर साखळी सेकंदाला जवळजवळ २० मीटर, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने धावते. लाकडाच्या एका बिंदूवरून एका सेकंदात पाचशेहून अधिक दाते जातात. या वेगाने धावणारी वस्तू सैल असणे किंवा वेडीवाकडी घासलेली असणे किती धोक्याचे आहे, हे यावरून सहज कळेल.

ताण कसा द्यावा?

साखळीला ताण देण्यापूर्वी इंजिन बंद करणे आणि करवत थंड होऊ देणे आवश्यक आहे. स्पार्क प्लगची वायर काढून ठेवली तर अपघाताने इंजिन सुरू होण्याची शक्यता उरत नाही. हातात जाड मोजे हवेत. थांबलेल्या साखळीचे दातेही बोट चिरतात. साखळीचा ब्रेक सोडलेला असावा, अन्यथा साखळी हाताने फिरवता येत नाही.

प्रथम बाजूच्या झाकणावरील नट पान्याने सैल करावेत. लहान करवतीला एक, मोठीला दोन नट असतात. ते काढायचे नसून बार किंचित हलेल इतकेच ढिले करायचे असतात. त्यानंतर बारचे टोक एका हाताने वर उचलून धरावे आणि ताण देणारा स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने हळूहळू फिरवावा. बारच्या खालच्या बाजूला लोंबणारी साखळी वर येऊन बारला टेकली की थांबावे. टोक तसेच वर धरून नट घट्ट करावेत.

टोक वर उचलून धरण्याची पायरी अनेकजण गाळतात आणि मग साखळी पुन्हा पुन्हा सैल का होते, याचे आश्चर्य करतात. बार ज्या बोल्टांवर बसतो तेथे त्याला थोडी मोकळीक असते. लाकूड कापताना दाबामुळे बारचे टोक वर ढकलले जाते. टोक खाली असताना ताण दिला असेल तर पहिल्याच कापात ही मोकळीक निघून जाते आणि साखळी ढिली पडते.

ताण योग्य झाला की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. साखळी बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी, तिथे झोळ नसावा. त्याच वेळी, बारच्या वरच्या बाजूने ती हाताने पुढे ओढली तर अडखळल्याविना सरकली पाहिजे. बारच्या मध्यावर साखळी चिमटीत धरून वर उचलली, तर चालक कड्या थोड्या वर येतील. परंतु त्या खाचेतून पूर्णपणे बाहेर पडता कामा नयेत. साखळी एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागत असेल, तर कड्या असमान ताणल्या गेल्या आहेत किंवा स्प्रॉकेट झिजले आहे, असे समजावे.

साखळी बसवताना तिची दिशाही तपासावी. बारच्या वरच्या बाजूवरील दात्यांची धार टोकाकडे रोखलेली असावी. साखळी उलटी बसवण्याची चूक नवखेच करतात असे नाही. उलटी साखळी लाकूड कापत नाही, केवळ घासते. धूर निघू लागतो आणि दोष पुन्हा इंजिनाच्या माथी मारला जातो.

नवी साखळी, तापलेली साखळी

नवी साखळी पहिल्या काही तासांत झपाट्याने सैल पडते. तिच्यात दोष असतो म्हणून नव्हे. रिव्हेट आणि कड्यांची छिद्रे एकमेकांत बसू लागतात आणि प्रत्येक सांध्यातील अत्यल्प फरक मिळून साखळीची लांबी वाढते. यास्तव नवी साखळी लावल्यावर पहिले काही काप हलक्या हाताने घ्यावेत आणि दर थोड्या वेळाने ताण पाहावा. काम सुरू करण्यापूर्वी साखळी तेलात भिजवून ठेवल्यास सांध्यांपर्यंत तेल पोहोचते.

दुसरी बाब उष्णतेची. काम करताना साखळी तापते, तापली की प्रसरण पावते आणि बारखाली झोळ पडतो. मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात हा अनुभव लवकर येतो. चालक कड्यांची टोके बारच्या खालच्या खाचेतून बाहेर लोंबताना दिसू लागली की काम थांबवून ताण द्यावा. मात्र तापलेल्या साखळीला ताण दिला असेल, तर काम संपताच ती पुन्हा सैल करणे अत्यावश्यक आहे. तशीच ठेवली तर थंड होताना ती आकसते आणि इंजिनाच्या मुख्य दांड्यावर व बेअरिंगवर मोठा ताण येतो. संध्याकाळी विसरलेले हे दोन मिनिटांचे काम दुरुस्तीचा मोठा खर्च उभा करू शकते.

सैल साखळी अधिक घातक. ती बारवरून उतरते, चालक कड्यांना ओरखडे पडतात आणि प्रसंगी सुटलेली साखळी चालकाच्या हाताकडे फेकली जाते. करवतीच्या बुडाशी साखळी अडवणारा एक लहान खुंटा असतो. तो तुटलेला असल्यास करवत वापरू नये. याउलट अतिघट्ट साखळी बार, स्प्रॉकेटचे टोक आणि क्लच यांची झीज करते, शिवाय इंजिनाची शक्ती खाते.

तेलाविना साखळी नाही

पेट्रोलच्या टाकीशेजारी साखळीच्या तेलाची स्वतंत्र टाकी असते. पेट्रोलमध्ये मिसळायचे टू-स्ट्रोक तेल वेगळे आणि साखळीचे तेल वेगळे, हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. साखळीचे तेल चिकट असते. बारच्या टोकाला वळण घेताना ते वेगामुळे उडून जाऊ नये, यासाठी त्यात विशिष्ट द्रव्ये मिसळलेली असतात. साधे पातळ तेल उन्हाळ्यात आणखी पातळ होते आणि साखळीवर टिकत नाही.

पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपत आलेली असावी, अशी बहुतेक यंत्रांची रचना असते. म्हणून पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी तेलही भरावे. पेट्रोल संपले तरी तेल तसेच शिल्लक राहिले, तर तेल साखळीपर्यंत पोहोचत नाही, हा स्पष्ट इशारा होय. याची परीक्षा करण्यासाठी बारचे टोक एखाद्या फिकट रंगाच्या पृष्ठभागावर, उदाहरणार्थ पुठ्ठ्यावर किंवा ताज्या बुंध्यावर, काही अंतरावरून रोखून इंजिनाचा वेग वाढवावा. काही क्षणांत तेलाच्या थेंबांची बारीक रेघ उमटली पाहिजे. ती उमटली नाही तर बार काढून तेलाचे छिद्र आणि खाच साफ करावी. भुसा व तेल मिळून तयार होणारा घट्ट लगदा तेथे साचून राहतो.

गाडीतून काढलेले जुने काळे तेल साखळीसाठी वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती तीन कारणांनी त्याज्य आहे. त्या तेलात धातूचे कण असतात, ते पंप व बार झिजवतात. त्याची वंगणशक्ती ओसरलेली असते. तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. वापरलेल्या इंजिन तेलाचा त्वचेशी दीर्घकाळ संपर्क आल्यास कर्करोगाचा धोका संभवतो. साखळीवरून उडणारे तेल चालकाच्या अंगावर, मातीत आणि झाडाच्या ताज्या जखमेवर पडते, हे विसरून चालणार नाही.

धार गेल्याची खूण

धारदार करवत लाकडातून चौकोनी, जाडसर ढलप्या काढते आणि स्वतःच लाकडात शिरते. चालकाने तिला केवळ आधार द्यायचा असतो. ढलप्यांऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडू लागला, कापताना धूर येऊ लागला, किंवा करवतीवर भार द्यावा लागला, की धार गेली असे निश्चित समजावे. काप एका बाजूला वळत असेल, तर डाव्या व उजव्या दात्यांची धार किंवा लांबी असमान झाली आहे.

बोथट साखळीवर जोर देणे हीच या यंत्राच्या वापरातील सर्वांत मोठी चूक आहे. जोर दिला की साखळी तापते, बार झिजतो, इंजिन शिणते आणि माणूसही थकतो. थकलेल्या हातातून करवत निसटते. अपघाताची सुरुवात पुष्कळदा अशा न लावलेल्या धारेपासून होते.

धार जाण्यास वेळ लागत नाही. फिरती साखळी क्षणभर जमिनीला टेकली तरी काळ्या मातीतील खडे सारे दाते बोथट करतात. वर्षानुवर्षे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या झाडाच्या सालीत धूळ साचलेली असते. शहरातील झाडांत जाहिरातींचे फलक ठोकताना मारलेले खिळे, तर शेताच्या बांधावरील झाडांत काटेरी तारेचे तुकडे रुतून बसलेले आढळतात. कापण्यापूर्वी बुंधा नीट पाहणे आणि साल घासून घेणे हा साखळी वाचवण्याचा पहिला उपाय आहे. बाभळीसारखे टणक किंवा पूर्ण वाळलेले लाकूड कापताना धार अधिक वेळा तपासावी लागते.

कानस कशी चालवावी?

धार लावण्यासाठी साखळीच्या मापाचीच गोल कानस लागते. लहान करवतींवर आढळणाऱ्या कमी उंचीच्या ३/८ इंची साखळीला ४ मिलिमीटर, ०.३२५ इंची साखळीला ४.८ मिलिमीटर, तर पूर्ण आकाराच्या ३/८ इंची साखळीला उत्पादकानुसार ५.२ किंवा ५.५ मिलिमीटर व्यासाची कानस वापरतात. चुकीच्या मापाची कानस दात्याचा आकारच बदलून टाकते. करवतीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील माप हेच प्रमाण मानावे.

करवत घट्ट बसवावी. बार शिकंजात धरला तर उत्तम. शेतावर बुंध्यात खाच पाडून त्यात बार अडकवला तरी काम भागते. साखळीचा ब्रेक लावावा. सर्व दात्यांत जो सर्वांत आखूड असेल तो प्रथम घासून घ्यावा आणि त्याला नमुना मानून बाकीचे दाते त्याच्या लांबीला आणावेत. बहुतेक साखळ्यांच्या दात्यांवर मागील बाजूस तिरकी रेघ कोरलेली असते. कानस त्या रेघेला समांतर, म्हणजे सर्वसाधारणपणे ३० अंशांच्या कोनात, आणि जमिनीला समपातळीत धरावी. कानशीच्या व्यासाचा सुमारे पाचवा हिस्सा दात्याच्या माथ्याच्या वर राहिला पाहिजे.

कानस दात्याच्या आतील बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे चालवावी आणि फक्त पुढे ढकलताना दाब द्यावा. मागे आणताना ती उचलून घ्यावी. मागेपुढे घासल्याने धार दुमडते आणि कानसही लवकर निकामी होते. प्रत्येक दात्याला सारखेच, दोन किंवा तीन हात पुरतात. एका बाजूचे सर्व दाते संपल्यावर करवत फिरवून दुसऱ्या बाजूचे घ्यावेत. कानस मधूनमधून थोडी फिरवत राहावी, म्हणजे ती एकाच अंगाने झिजत नाही.

दर वेळी पेट्रोल भरताना असे दोन हात मारले तर साखळी कधीच फार बोथट होत नाही. अगदी खराब झालेली साखळी यंत्रावर घासून घेणे सोयीचे वाटते. परंतु ग्राइंडरवर जास्त वेळ धरलेल्या दात्याचा रंग निळसर झाला, तर त्या पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. असा दाता धार धरत नाही.

डेप्थ गेजचा विसर

दाता घासला की तो केवळ मागे सरकत नाही, त्याची उंचीही किंचित कमी होते. कारण दात्याचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. पुढचा डेप्थ गेज मात्र आहे तेवढाच राहतो. परिणामी दोहोंतील फरक कमी होत जातो आणि धार उत्तम असूनही करवत कापेनाशी होते. यासाठी तीन-चार वेळा धार लावल्यानंतर एकदा डेप्थ गेज तपासावा. त्यासाठी खाच असलेली पोलादी पट्टी मिळते. ती साखळीवर ठेवली असता डेप्थ गेजचा जो भाग खाचेतून वर येतो, तो सपाट कानशीने घासून काढावा आणि पुढील कड पुन्हा गोलसर करावी.

येथे अतिरेक मात्र जिवावर बेतू शकतो. ‘जरा जास्त घासले की मशीन जोरात चालते’ असा समज प्रचलित आहे. डेप्थ गेज प्रमाणाबाहेर कमी केला की दाता लाकडात एकदम खोल शिरतो, अडकतो आणि करवत उसळते. पट्टीविना अंदाजाने घासण्याचा मोह म्हणूनच टाळावा. घासता घासता दात्याच्या माथ्याची लांबी सुमारे ४ मिलिमीटरवर आली, किंवा दात्यावरील झिजेच्या खुणेपर्यंत पोहोचली, की साखळी टाकून द्यावी. तडा गेलेली कडी किंवा ढिले रिव्हेट दिसल्यासही हाच नियम लागू होतो.

बार आणि स्प्रॉकेट

साखळीची निगा बारविना पूर्ण होत नाही. कापताना बारच्या खालच्या कडेवर अधिक भार येतो, त्यामुळे तीच कड लवकर झिजते. दर वेळी साखळी काढली की बार उलटा करून बसवावा. झीज दोन्ही कडांवर विभागली जाते. खाचेतील भुसा पातळ पट्टीने काढावा. कडांवर उठलेले धारदार पदर सपाट कानशीने घासावेत. बार सपाट जागेवर कडेवर उभा केला असता सरळ उभा राहिला पाहिजे. तो कलला, तर दोन कडांची उंची असमान आहे. अशा बारवर उत्तम धारेची साखळीही तिरपीच कापते. चालक कडीचे टोक खाचेच्या तळाला टेकू लागले, तर बार बदलण्याची वेळ आली आहे.

स्प्रॉकेटवर साखळीच्या कड्यांनी पाडलेले खड्डे सुमारे अर्धा मिलिमीटर खोल झाले की ते बदलावे. साधारणतः दोन साखळ्यांमागे एक स्प्रॉकेट असा हिशेब धरतात. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली तर जुन्याची झीज नवीला लागते.

नवी साखळी घेताना तीन मापे दुकानदाराला सांगावी लागतात : पिच, चालक कडीची जाडी आणि चालक कड्यांची संख्या. सलग तीन रिव्हेटांमधील अंतर मोजून त्याला दोनने भागले की पिच मिळते. कडीची जाडी १.१ पासून १.६ मिलिमीटरपर्यंत असते आणि ती बारच्या खाचेशी जुळावी लागते. ही माहिती बहुधा बारवरच कोरलेली असते. ‘सोळा इंची साखळी द्या’ एवढ्याने भागत नाही, कारण एकाच लांबीच्या दोन बारना वेगवेगळ्या साखळ्या लागू शकतात.

उसळीचा धोका

करवतीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला, तर साखळी क्षणार्धात अडते आणि संपूर्ण करवत वर व मागे, चालकाच्या चेहऱ्याच्या व मानेच्या दिशेने उसळते. ही उसळी सावरण्यास माणसाला वेळ मिळत नाही. म्हणूनच पुढील मूठ आणि साखळी यांमध्ये ढालीसारखा दांडा असतो. तो पुढे ढकलला गेला की साखळीचा ब्रेक लागतो. काम सुरू करण्यापूर्वी हा ब्रेक रोज तपासायला हवा. सैल साखळी, असमान धार आणि जास्त घासलेला डेप्थ गेज या तिन्ही गोष्टी उसळीचा धोका वाढवतात.

करवत नेहमी दोन्ही हातांनी, अंगठे मुठींभोवती वळवून धरावी. खांद्याच्या वर उचलून कापू नये. शिडीवर उभे राहून वा एका हाताने फांदी धरून कापण्याचे दृश्य गावात आणि शहरातही दिसते. त्याचे कौतुक नव्हे, प्रतिबंधच व्हायला हवा. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षक, डोक्यावर शिरस्त्राण, पायांत मजबूत बूट आणि साखळी अडवणारी विजार ही किमान साधने होत. खांद्यावरचे उपरणे, ओढणी किंवा धोतराचा सोगा फिरत्या साखळीजवळ असता कामा नये.

झाडाच्या बाजूने

निगा राखलेल्या साखळीचा लाभ झाडालाही होतो. मोसंबीच्या बागेत फळांची तोडणी झाल्यावर वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढाव्या लागतात. तो काप हिरव्या भागातून सुमारे दोन सेंटिमीटर आतून घेण्याची आणि जखमेवर बोर्डोमलम लावण्याची शिफारस केली जाते. बारीक फांद्यांना कात्री व हातकरवतच योग्य. जाड फांद्यांसाठी पेट्रोल करवत लागते. बोथट साखळी तेथे साल फाडते, कड चिंध्यांसारखी होते आणि अशी जखम भरून येण्यास वेळ लागतो. डिंक्यासारख्या बुरशीजन्य रोगाने ग्रासलेल्या झाडावर वापरलेली साखळी निरोगी झाडाला लावण्यापूर्वी स्वच्छ व निर्जंतुक करावी. त्यानंतर तिला पुन्हा तेल द्यावे, अन्यथा गंज चढतो. बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे. जालना जिल्ह्यातील बागायतदारांना छाटणीविषयी मार्गदर्शनासाठी ते जवळचे ठिकाण होय.

हाती यंत्र आहे म्हणून कोणतेही झाड तोडता येते, असे मात्र नाही. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारखी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. नागरी भागासाठी झाडांचे संरक्षण व जतन करणारा १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

काम संपल्यावर

दिवसाचे काम आटोपले की पुढील क्रम पाळावा. साखळी सैल करावी. झाकण काढून स्प्रॉकेटभोवतीचा भुसा ब्रशने झाडावा. तेलाचे छिद्र मोकळे आहे का, ते पाहावे. दात्यांवर चिकटलेला डिंक पुसून काढावा. बारवर आवरण चढवूनच करवत ठेवावी किंवा वाहून न्यावी. अनेक आठवडे काम नसेल तर साखळी व बार काढून, साफ करून, तेल लावून ठेवावेत.

या साऱ्यास पंधरा-वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. केदारखेड्यासारख्या गावात एक करवत अनेक बांधांवर फिरते. ती हातोहात जाते आणि तिच्यासोबत कानस जातेच असे नाही. करवत देताना पाना आणि कानसही द्यावी, आणि घेणाऱ्याने पहिला काप घेण्यापूर्वी साखळी हाताने एकदा ओढून पाहावी. ती बारला टेकून अलगद सरकली, तिच्यावर तेलाची चमक दिसली आणि लाकडातून ढलप्या पडू लागल्या, तर काम निर्धास्त सुरू करावे. करवतीला ढकलावे लागले, तर त्याच क्षणी इंजिन बंद करून कानस हाती घ्यावी.